इथाका ते पवनार : घर राखणाऱ्यांचे महाकाव्य

होमरच्या ‘ओडिसी’चे नाव निघाले की बहुतेकांना समुद्र आठवतो. एकच डोळा असलेला राक्षस, माणसांची डुकरे करणारी सर्सी, गाण्याने खलाशांना मृत्यूकडे ओढणाऱ्या सायरन. ट्रॉयचे युद्ध दहा वर्षे चालले, ते संपवून निघालेला ओडिसियस आणखी दहा वर्षे भटकला आणि अखेर आपल्या इथाका बेटावर पोहोचला, एवढी गोष्ट आपल्याला ठाऊक असते. मूळ काव्य हाती घेतले की मात्र वेगळेच प्रमाण दिसते. समुद्रावरची ही गाजलेली साहसे २४ सर्गांपैकी जेमतेम चार सर्गांत येतात, आणि तीही ओडिसियस एका परक्या राजाच्या दरबारात आपली कहाणी सांगतो म्हणून. तेराव्या सर्गात त्याला इथाकाच्या किनाऱ्यावर उतरवले जाते. तिथून पुढे, सुमारे १२,००० ओळींच्या या काव्याचा जवळजवळ अर्धा भाग त्याच्याच बेटावर आणि त्याच्याच वाड्यात घडतो.

गाव तर आले. मग कवीला इतके सांगायचे काय उरले? या प्रश्नाचा विचार करताना मला ग्रीसइतकाच वर्धा जिल्हा जवळचा वाटतो. वर्धा नदीच्या पैलतीरावरचे कौंडण्यपूर, धाम नदीकाठचे पवनार आणि वर्ध्याजवळचे सेवाग्राम या तीन ठिकाणी परतण्याच्या कथा एकमेकींच्या शेजारी नांदतात. काही पुराणातल्या, काही आपल्या आजी-आजोबांनी डोळ्यांनी पाहिलेल्या. त्या ‘ओडिसी’सोबत वाचल्या की एक गोष्ट लख्ख दिसते. परतणे ही गेलेल्या माणसाने एकट्याने पार पाडायची कामगिरी नसते. मागे राहून घर राखणाऱ्याने ओळख पटवून घेतली, त्याला आत घेतले, तरच ती पुरी होते.

किनारा म्हणजे घर नव्हे

ग्रीकांकडे वीरांच्या परतीच्या कथांची मोठी परंपरा होती. ट्रॉयहून निघालेल्या प्रत्येक सरदाराची वेगळी कथा होती आणि त्या गुंफणारे ‘नॉस्टॉय’ नावाचे पाच सर्गांचे एक स्वतंत्र महाकाव्यही होते. ते काव्य हरवले. त्याचा गोषवारा तेवढा उरला आहे. ‘ओडिसी’तही या कथांचे धागे जागोजाग भेटतात. वृद्ध नेस्टर सुखरूप पोहोचतो. मेनेलॉस इजिप्तपर्यंत भरकटून आठव्या वर्षी घर गाठतो. धाकटा एजॅक्स समुद्रात बुडतो. सगळ्यांचा सेनापती ॲगमेम्नॉन सुखरूप मायभूमीवर उतरतो आणि पत्नी क्लायटेम्नेस्ट्रा व तिचा प्रियकर एजिस्थस यांच्या कटात मारला जातो.

ॲगमेम्नॉनची ही कथा होमर पुन्हा पुन्हा सांगतो, आणि त्यामागे कारण आहे. समुद्राने ज्याला सोडले त्याला घराने मारले. प्रवास सुखाचा झाला म्हणून परतणे सुखाचे होईल असे नाही. अकराव्या सर्गात मृतांच्या लोकात ओडिसियसला ॲगमेम्नॉनचे भूत भेटते आणि बजावते की, उजळ माथ्याने जाऊ नकोस, गुपचूप जा.

होमरच्याच ‘इलियड’मध्ये वीर अकिलीसपुढे दोन वाटा आहेत. ट्रॉयला लढत राहिला तर अमर कीर्ती मिळेल, पण घर पुन्हा दिसणार नाही. घरी परतला तर दीर्घ आयुष्य मिळेल, पण कीर्ती उरणार नाही. तो कीर्ती निवडतो. ओडिसियसपुढे याहून मोठे आमिष येते. कॅलिप्सो ही देवता त्याला सात वर्षे आपल्या बेटावर ठेवते, माझ्याजवळ राहिलास तर तुला अमर करीन म्हणते. तो नकार देतो. माझी बायको पेनेलोपी मर्त्य आहे आणि रूपाने तुझी बरोबरी करू शकणार नाही, हे कबूल करून तो घराचीच ओढ सांगतो. म्हातारे होणे आणि मरणे त्याने जाणून-उमजून पत्करले आहे.

हा माणूस शेवटी इथाकाला पोहोचतो तो झोपेत. फेआशियन लोकांच्या जहाजाने आणलेल्या ओडिसियसला खलाशी तसाच वाळूवर निजवून जातात. जाग आल्यावर त्याला आपले बेटच ओळखू येत नाही, कारण अथीना देवीने सगळीकडे धुके पसरवलेले असते. वीस वर्षे जिचा ध्यास घेतला ती जमीन पायाखाली आहे आणि तो विचारतो की, हा मुलूख कोणाचा? मग अथीना त्याला म्हाताऱ्या भिकाऱ्याचे रूप देते. आता त्याला गाव ओळखू येते, पण गावाला तो ओळखू येणार नाही. पुढचे सगळे सर्ग हे अंतर कापण्यात जातात.

एकेक ओळख, एकेक दार

हे अंतर होमर एका दमात कापत नाही. घराचा एकेक माणूस, एकेक जीव परतलेल्याला आपापल्या पद्धतीने ओळखतो. डुकरे राखणारा युमीअस त्याला ओळखत नाही, तरीही भुकेल्या पाहुण्याला आपल्या झोपडीत जेवू घालतो. मालक नसतानाही मालकाच्या घराची रीत त्याने मोडलेली नाही. मुलगा टेलेमॅकस बापाला तान्हेपणानंतर प्रथमच पाहतो आणि आधी विश्वासच ठेवत नाही. वाड्याच्या दाराशी शेणाच्या ढिगावर पडलेला म्हातारा कुत्रा आर्गॉस वेषाला फसत नाही. तो कान पाडतो, शेपूट हलवतो आणि वीस वर्षांनी धन्याला पाहून प्राण सोडतो. दाई युरिक्लिया पाहुण्याचे पाय धुताना मांडीवरचा, तरुणपणी रानडुकराने केलेल्या घावाचा व्रण हाताला लागताच चमकते. अगदी शेवटी बाप लेअर्टीसला खूण पटते ती बागेतल्या झाडांवरून. लहानपणी बापाने आपल्या नावाने करून दिलेली १३ पेअरची, १० सफरचंदाची आणि ४० अंजिराची झाडे, द्राक्षवेलींच्या ५० रांगा मुलगा मोजून सांगतो.

कुत्र्याला चाहूल पुरते, दाईला व्रण, बापाला झाडांची मोजदाद. पेनेलोपीला मात्र यातले काहीच पुरत नाही, आणि तिला ते न पुरणे हा या काव्याचा कळस आहे.

वीस वर्षे तिने काय केले ते पाहावे. वाड्यात १०८ मागणीदार ठाण मांडून बसले आहेत. ते तिच्याच कोठारातले खातात, तिच्याच दासींना नासवतात आणि रोज लग्नाचा आग्रह धरतात. सासऱ्याचे कफन विणून झाले की निर्णय देईन, असे ती सांगते. दिवसा विणते, रात्री मशालीच्या उजेडात उसवते. तीन वर्षे ही युक्ती चालते, चौथ्या वर्षी एका दासीने फोडल्यामुळे उघडी पडते. तेव्हा ती नवऱ्याचे धनुष्य बाहेर काढते आणि पण लावते की, जो याची दोरी चढवून बारा कुऱ्हाडींमधून बाण पार करील त्याला मी वरीन. ते धनुष्य भिकारी उचलतो, पण जिंकतो आणि मागणीदारांची कत्तल होते.

रक्त धुतले जाते, धूप फिरवला जातो, ओडिसियस न्हाऊन नव्या वस्त्रांत समोर बसतो आणि पेनेलोपी गप्प राहते. मुलगा तिला दगडाच्या काळजाची म्हणतो. ती सहजच सांगितल्यासारखे दासीला सांगते की, यांचा पलंग खोलीबाहेर काढून अंथरूण घाला. ओडिसियस भडकतो. तो पलंग हलवणे शक्यच नसते. जमिनीत मुळे असलेल्या जिवंत ऑलिव्हच्या झाडाचा बुंधा त्याचा एक पाय आहे. त्याच्याभोवती त्याने स्वतः खोली बांधली होती. हे गुपित त्या दोघांना आणि एका विश्वासू दासीलाच माहीत. परीक्षा पुरी होते. सगळ्यांना फसवणारा ओडिसियस अखेर बायकोच्या डावात सापडतो आणि म्हणूनच घरी पोहोचतो.

इथे होमर एक उपमा देतो. जहाज फुटल्यावर पोहत पोहत किनारा गाठलेल्या माणसाला जमीन जशी गोड वाटते तसे वाटले, असे तो म्हणतो. वाचणाऱ्याला वाटते, हे ओडिसियसबद्दल चालले आहे. त्याचेच तर जहाज फुटले होते. पण वाक्य पुरे होता होता कळते की ही उपमा पेनेलोपीची आहे. इथाका सोडून ती कुठेही गेलेली नाही आणि तरी कवीच्या लेखी वादळातून पोहत आलेली तीच आहे. शेवटच्या सर्गात ॲगमेम्नॉनचे भूत पुन्हा बोलते तेव्हा तेही आपल्या जुन्या सोबत्याचा पराक्रम बाजूला ठेवून पेनेलोपीची थोरवी गाते. तिची कीर्ती कधी मिटणार नाही, देव तिच्यावर गाणे रचतील, असे ते सांगते. वीराला मिळावी ती कीर्ती इथे घर राखणारीला मिळाली आहे.

कुंडिनपुरात ऐकू आलेला रथ

आर्वी तालुक्याच्या पश्चिमेला वर्धा नदी ओलांडली की अमरावती जिल्ह्यातले कौंडण्यपूर लागते. विदर्भाची जुनी राजधानी कुंडिनपूर ती हीच, असे परंपरा मानते. रुक्मिणीचे माहेर म्हणून हे गाव वारकऱ्यांना प्रिय आहे. याच कुंडिनपुरात महाभारताने परतीची आणखी एक कथा मांडली आहे आणि ‘ओडिसी’च्या उत्तरार्धाला इतकी जवळची कथा आपल्याकडे दुसरी क्वचितच सापडेल. ती नल-दमयंतीची.

वनपर्वात बृहदश्व ऋषी ही कथा युधिष्ठिराला सांगतात. जुगारात राज्य गमावलेला नल दमयंतीला अरण्यात निजलेली सोडून, तिचे अर्धे वस्त्र फाडून घेऊन निघून जातो. कर्कोटक नागाच्या दंशाने त्याचे रूप पालटते. तो बाहुक या नावाने अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाकडे सारथी म्हणून राहतो. दमयंती हालअपेष्टा सोसत वडिलांच्या घरी कुंडिनपुराला पोहोचते. इथून कथेची सूत्रे तिच्या हाती येतात.

ती गावोगाव ब्राह्मण पाठवते आणि त्यांच्या तोंडी एक प्रश्न देते. ज्याला हा प्रश्न लागेल तोच उत्तर देईल, हे तिला ठाऊक आहे. अयोध्येहून एक उत्तर येते, पण उत्तर देणारा कुरूप सारथी असतो. मग ती ऋतुपर्णाला निरोप धाडते की दमयंतीचे दुसरे स्वयंवर उद्याच आहे. एका दिवसात शंभर योजने रथ हाकू शकणारा माणूस जगात एकच आहे. तो रथ वेळेत आला तर सारथी कोण ते वेगळे सांगायला नको. संध्याकाळी कुंडिनपुराच्या वेशीत रथ शिरतो आणि त्याच्या घरघराटावरूनच दमयंतीचे मन सांगते की, हा नलच.

तरीही ती थांबते. केशिनी या दासीला पाळतीवर ठेवते, बाहुकाने शिजवलेला पदार्थ मागवून चाखते, आपली दोन्ही मुले त्याच्यासमोर पाठवते. मुलांना कवेत घेऊन तो रडतो. त्यानंतरच ती त्याला समोर बोलावते आणि अरण्यात सोडून जाण्याचा जाब विचारते. नागाने दिलेले वस्त्र पांघरून नल मूळ रूपात येतो तो या जाबाला उत्तर दिल्यानंतर.

पेनेलोपी आणि दमयंती यांच्यात हजारो मैलांचे अंतर आहे. तरी दोघींनी लग्नाचा पण किंवा स्वयंवर जाहीर करून नवऱ्याला उजेडात आणले, दोघींनी दासीमार्फत चाचपणी केली आणि दोघींनी बाहेरच्या खुणांपेक्षा फक्त घरच्या माणसाला ठाऊक असलेल्या खुणेवर भरवसा ठेवला. बाल्कन प्रदेशात १९३० च्या दशकात मिलमन पॅरी आणि त्यांचे सहकारी अल्बर्ट लॉर्ड यांनी निरक्षर गायकांकडून वीरगीते ध्वनिमुद्रित केली, तेव्हा वेषांतर करून परतणाऱ्या आणि बायकोच्या दुसऱ्या लग्नाच्या वेळी उगवणाऱ्या वीराची गीते त्यांनाही ढिगाने मिळाली. मौखिक परंपरेत ही कथा इतकी टिकली याचे कारण उघड आहे. युद्ध, व्यापार, तीर्थयात्रा, नोकरी यांसाठी माणसे जातच आली आहेत, आणि वर्षानुवर्षांनी दारात उभा राहिलेला माणूस तोच आहे का, हा प्रश्न मागे राहिलेल्याला पडतच आला आहे.

नल-दमयंतीच्या कथेत एक गोष्ट मात्र ग्रीक कथेहून वेगळी आहे. ओडिसियसच्या परतीला १०८ प्रेते आणि फासावर दिलेल्या १२ दासी यांची किंमत मोजावी लागते. पुढे मृतांचे नातलग शस्त्रे घेऊन येतात आणि अथीनाने हस्तक्षेप केला नसता तर इथाकात यादवी पेटली असती. नल राज्य परत मिळवतो ते पुन्हा फासे टाकून, आणि आधी राज्य जिंकून घेतलेल्या, आता हरलेल्या भावाला, पुष्कराला, त्याचा वाटा देऊन सन्मानाने घरी पाठवतो. परतणारा माणूस सूड घेऊन येतो की क्षमा, हा प्रश्न आपल्या परंपरेला फार महत्त्वाचा वाटला आहे.

नंदिग्राम, धुळ्याचा तुरुंग आणि पवनारची माती

हा प्रश्न सर्वांत ठळक होतो रामाच्या परतीत. वाल्मीकींच्या युद्धकांडात राम थेट अयोध्येत शिरत नाही. तो आधी हनुमानाला भरताकडे धाडतो आणि सांगतो की, मी येतो आहे हे ऐकताना भरताचा चेहरा नीट पाहा. चौदा वर्षे राज्य सांभाळून त्याचे मन त्यात रमले असेल तर त्यानेच ते करावे. ॲगमेम्नॉनच्या नशिबी आली ती शक्यता रामाच्याही मनात आहे, पण त्या शक्यतेला तो शस्त्राने उत्तर देणार नाही. हनुमान नंदिग्रामला पोहोचतो तेव्हा त्याला राजा दिसत नाही. जटा वाढवलेला, कृष्णाजिन पांघरलेला, फळामुळांवर कृश झालेला, रामाच्या पादुका पुढे ठेवून कारभार पाहणारा एक तपस्वी दिसतो.

१९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते उतरवून घेत. तीच ‘गीता प्रवचने’. बाराव्या अध्यायावर बोलताना विनोबांनी लक्ष्मण आणि भरत यांची उदाहरणे घेतली. एक सतत सहवासात राहून सेवा करणारा, दुसरा दूर राहून तीच सेवा करणारा. चौदा वर्षांनंतर राम-भरत भेटतात त्या क्षणाचे चित्र कोणी काढावे, असे त्यांना वाटले. दोघांच्याही चेहऱ्यावर तपाचे तेज असेल आणि वनात कोण गेला होता हे पाहणाऱ्याला कळणारही नाही, असा त्यांचा भाव होता.

होमरने वादळातून पोहण्याची उपमा पेनेलोपीला दिली तेव्हा त्याला जे दिसले होते तेच विनोबांना नंदिग्रामात दिसले, असे मला ठामपणे वाटते. एका कवीने आणि एका तपस्व्याने स्वतंत्रपणे ओळखले की, मागे राहणाऱ्याचाही वनवास असतो आणि तो गेलेल्याच्या वनवासाइतकाच खरा असतो.

१९३८ मध्ये प्रकृती ढासळलेले विनोबा पवनारला धाम नदीकाठच्या टेकडीवर जमनालाल बजाजांच्या बंगल्यात राहायला आले. तब्येतीसाठी ते शेतात खणत. त्या खणण्यात जुनी शिल्पे निघू लागली. त्यांतले एक शिल्प पाहून विनोबांना धुळ्यात कल्पिलेले ते चित्र आठवले. राम आणि भरत यांची ही भेट आहे, असे त्यांनी मानले. ‘भरत-राम’ म्हणून ते तिथल्या परंधाम आश्रमात आजही पूजेत आहे.

पवनारची माती अशी बोलकी असण्याला कारण आहे. विदर्भाच्या इतिहासाचे थोर अभ्यासक वा. वि. मिराशी यांनी हे गाव म्हणजे वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याची राजधानी प्रवरपूर, असे मत मांडले आणि इथल्या शिल्पांत रामकथेतले प्रसंग ओळखले. प्रवरपूर म्हणजे रामटेकजवळचे मनसर, असे काही संशोधक मानतात आणि शिल्पांचेही वेगळे अर्थ सुचवले गेले आहेत. प्रवरसेनाचे कवित्व मात्र बहुतेकांना मान्य आहे. पाचव्या शतकातल्या या राजाने महाराष्ट्री प्राकृतात, म्हणजे आपल्या मराठीच्या पूर्वज भाषेत, ‘सेतुबंध’ हे १५ आश्वासांचे महाकाव्य रचले. सेतू बांधण्यापासून रावणवधापर्यंतची ही युद्धकथा संपते ती अयोध्येला परतण्याने, आणि कवी त्या परतीत भरताच्या प्रेमाचे सार्थक पाहतो.

जे परतले नाहीत

परतीच्या प्रत्येक काव्यात न परतलेल्यांची सावली असते. बारा जहाजे घेऊन ट्रॉयला गेलेला ओडिसियस एकटा आला. सोबत्यांपैकी कोणीही उरला नव्हता. वर्धा जिल्ह्यात ही सावली सेवाग्रामवर आहे.

१२ मार्च १९३० रोजी ७८ साथींसह साबरमतीहून दांडीला निघताना गांधीजींनी प्रतिज्ञा केली होती की, स्वराज्य मिळाल्याशिवाय या आश्रमात परतणार नाही. १९३३ मध्ये तो आश्रम त्यांनी विसर्जित केला आणि ते वर्ध्याला आले. ३० एप्रिल १९३६ रोजी ते वर्ध्याजवळच्या शेगावला राहायला गेले. १९४० मध्ये त्याचेच नाव सेवाग्राम झाले. घर सोडलेल्या माणसाने विदर्भाच्या काळ्या मातीत, कुडाच्या भिंतींचे नवे घर मांडले.

ऑगस्ट १९४२ मध्ये या घरातून गांधीजी, कस्तुरबा आणि महादेवभाई देसाई मुंबईला गेले आणि तिथे त्यांना अटक झाली. महादेवभाई १५ ऑगस्ट १९४२ रोजी पुण्याच्या आगाखान पॅलेसच्या कैदेतच वारले आणि कस्तुरबा २२ फेब्रुवारी १९४४ रोजी तिथेच. १९४४ साली गांधीजी सेवाग्रामला परतले तेव्हा बा कुटी आणि महादेव कुटी जागेवर होत्या, माणसे नव्हती. ऑगस्ट १९४६ मध्ये गांधीजी सेवाग्रामहून निघाले. पुढे नोआखाली, बिहार, कलकत्ता, दिल्ली असे आगीतून फिरत राहिले. फेब्रुवारी १९४८ मध्ये सेवाग्रामला येण्याचा त्यांचा विचार होता. ३० जानेवारीला त्यांची हत्या झाली. स्वराज्य आले, पण ते साबरमतीला परतले नाहीत आणि सेवाग्रामलाही नाहीत. १२ फेब्रुवारी १९४८ रोजी त्यांच्या अस्थी पवनारला धाम नदीत विसर्जित झाल्या. त्या दिवशी दरवर्षी तिथे सर्वोदय मेळा भरतो. न परतलेल्याला घर असेही परत घेते: त्याचे काम चालवून आणि ठरल्या दिवशी त्याच्या नावाने एकत्र येऊन.

साडेबारा वर्षांनी पवनार

१९१६ साली परीक्षेला म्हणून मुंबईच्या गाडीत बसलेले तरुण विनोबा सुरतेला उतरले आणि काशीला गेले. आईवडिलांचे घर त्यांनी तेव्हाच सोडले. पुढे ते गांधीजींकडे आले आणि त्यांच्या सांगण्यावरून १९२१ मध्ये वर्ध्याला. मार्च १९५१ मध्ये हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीच्या संमेलनासाठी ते पायी निघाले. तिथून तेलंगणात फिरताना १८ एप्रिलला पोचमपल्लीत भूमिहीनांनी ८० एकर जमीन मागितली आणि जमीनदार रामचंद्र रेड्डी यांनी १०० एकर देऊ केली. तिथून भूदान सुरू झाले. विनोबा पावसाळ्यापुरते पवनारला आले आणि १२ सप्टेंबर १९५१ रोजी पुन्हा दिल्लीच्या दिशेने चालू लागले. मग बिहार, ओरिसा, तमिळनाडू, केरळ, कर्नाटक, महाराष्ट्र, चंबळचे खोरे, आसाम, पूर्व पाकिस्तान. ४० लाख एकरांहून अधिक जमीन दानात मिळाली. तिच्या वाटपात अडचणी आल्या, बरीच जमीन कसायला नालायक निघाली, हेही खरे; पण कायद्याचा बडगा न दाखवता इतकी जमीन माणसांनी स्वतःहून सोडली, याला इतिहासात तोड नाही.

१० एप्रिल १९६४ रोजी, साडेबारा वर्षांहून अधिक काळाने, विनोबा पवनारला परतले. ते सोडून गेले ते घर आता तसे राहिले नव्हते. ते पदयात्रेतच असताना, २५ मार्च १९५९ रोजी, त्यांच्या प्रेरणेने पवनारला ब्रह्मविद्या मंदिर सुरू झाले होते. ब्रह्मचारिणी भगिनींचा हा समूह शेती, स्वयंपाक, छपाई, स्वाध्याय सारे स्वतः करत होता आणि निर्णय सर्वसंमतीने घेत होता. अध्यात्मसाधना स्त्रियांनी स्वतंत्रपणे आणि सामूहिक रीतीने करावी, हा आपल्याकडे दुर्मीळ असलेला प्रयोग विनोबांच्या गैरहजेरीत पाच वर्षे उभा राहिला होता. परतणाऱ्याने इथे कुणाकडून काही हिरावून घेतले नाही, आपली जागाही मागितली नाही. घर राखणाऱ्यांनी ते वाढवले होते आणि जो आला तो त्यात सामावला. धुळ्यात बोललेली भरताची गोष्ट पवनारमध्ये या भगिनींनी जगून दाखवली.

‘ओडिसी’ची एक गोष्ट बहुतेक वाचक विसरतात. ओडिसियसची भटकंती इथाकाला संपत नाही. मृतांच्या लोकात टायरेसियस या द्रष्ट्याने त्याला सांगितलेले असते की, घरी पोहोचल्यावर पुन्हा निघावे लागेल. खांद्यावर वल्हे घेऊन इतके आत जायचे की समुद्र न पाहिलेल्या लोकांना ते धान्य उफणण्याचे अवजार वाटेल. तिथे समुद्रदेव पोसायडनला बळी द्यायचा, मग परतायचे, आणि सुखी लोकांच्या सहवासात वार्धक्यात शांत मृत्यू येईल. बायकोची भेट झाली त्याच रात्री ओडिसियस तिला हे सांगून टाकतो.

विनोबाही १९६५ मध्ये पुन्हा निघाले. या वेळी ग्रामदानासाठी, मोटारीने, बिहारची ‘तूफान यात्रा’. तिथून परतल्यावर ७ ऑक्टोबर १९७० रोजी त्यांनी क्षेत्रसंन्यास घेतला. पवनारची सीमा ओलांडायची नाही असे ठरवले. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी, अन्नपाणी आणि औषध सोडून, त्यांनी तिथेच देह ठेवला. वल्हे खांद्यावरून उतरवायची जागा माणसाला अनेक वाटा चालल्यावरच ठरवता येते, आणि तीही तेव्हाच, जेव्हा तिथे कोणीतरी घर राखलेले असते.

राखणाऱ्याचा वाटा

विदर्भातली कितीतरी घरे आज अशाच वाटेकडे डोळे लावून आहेत. पोरे पुण्या-मुंबईला, हैदराबादला, परदेशात जातात. मागे आई, वडील, बायको, एखादा भाऊ शेती आणि म्हातारपण सांभाळतो. आपण गेलेल्याचे कौतुक करतो, तो काय पाहून आला ते विचारतो. मागे राहिलेल्याने काय सोसले, काय टिकवले, काय नव्याने उभे केले, हे विचारायची रीत आपल्यात कमी आहे. होमरला ती रीत ठाऊक होती. म्हणून तर जवळजवळ बारा सर्ग त्याने इथाकाला दिले. व्यासांना ती ठाऊक होती. म्हणून नलाचे परतणे दमयंतीच्या बुद्धीवर चालते. वाल्मीकींना ती ठाऊक होती. म्हणून हनुमान आधी नंदिग्रामला जातो.

पवनारला गेलात तर भरत-रामासमोर उभे राहून दोघांतला वनात कोण गेला होता ते ओळखून पाहा. आणि घरी कोणी परतून आले की त्याच्याइतक्याच आस्थेने, त्याच्या आधी घरात असलेल्यालाही विचारा की, तुझी ही वर्षे कशी गेली. परतीचे काव्य या प्रश्नावाचून अर्धेच राहते.